पिवळ्या नखाची परीक्षा

आमची आत्या वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला होती आणि स्वभावाने तिथल्या काटेरी पानांची सख्खी बहीण. कुणी "छान झुडूप आहे" म्हणालं की ती लगेच विचारायची, कुठलं? समोरच्याची बोबडी वळली की तिचा दिवस मजेत जायचा.

तिचं लाडकं झुडूप डोंगरावरच्या रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायचं. दारुहळदीच्या कुळातलं, गुडघ्याएवढं, बारमाही हिरवं. दांडीवर समोरासमोर दिसतात ती त्याची सुटी पानं नव्हेत, अख्खी दांडी मिळून एक पान, कारण कोंबाची कळी फक्त दांडीच्या बुडाशी येते. साल नखाने खरवडली की आत पिवळंधमक, आणि तो रंग साबणाला दाद देत नाही. आत्याच्या अंगठ्याचं नख कायम पिवळं असायचं.

लेकीला, म्हणजे आमच्या ताईला, मागणी घालणाऱ्या प्रत्येकाला ती अंगणात आणून लावलेल्या या झुडपापुढे उभं करायची. ओळखेल तोच जावई. एकाने त्याला जंगली गुलाब म्हटलं, तो चहा न पिताच परतला. आम्हाला वाटायचं, ताई आता बिनलग्नाची राहणार. ताई मात्र निवांत होती. त्या वर्षी आत्याची वेगळीच कटकट चालू होती: कुठलं तरी जनावर येऊन तिच्या झुडपाची साल ओरबाडत होतं.

मग चष्म्याच्या दुकानातला एक मुलगा आला. तो झुडपापाशी उकिडवा बसला, थेट दांडीच्या बुडाशी बोट नेलं आणि पान, कळी, कूळ सगळं घडाघडा सांगितलं. आत्याचा चेहरा पडला. हरायची तिला सवय नव्हती. आता साल खरवडून दाखव, म्हणाली.

त्याने अंगठा पुढे केला. फांदीला अजून हातही लागला नव्हता आणि नख पिवळंजर्द.

आत्याने ते पाहिलं. मग ताईकडे पाहिलं, तर ताईचे दोन्ही हात पाठीमागे.

"हात दाखव," आत्या म्हणाली.

ताईने दाखवला. तिथेही पितळ उघडं पडलं. मला हसू आवरेना, पण ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला हाच हवा होता, आणि आत्या एकदा नाही म्हणाली की नाहीच.

आत्या वाकली. पानं बाजूला सारून तिने सोललेल्या फांद्यांवरून हात फिरवला.

"सापडलं जनावर," ती म्हणाली. "लवकर लग्न करा आता. नाहीतर झाड मारून टाकाल माझं."