नकाशावरचं फिकट गाव

धान्यातला खपरा किडा पुढं कोणकोणत्या भागात पसरेल, याचे नकाशे करणं हे माझं काम. ऊन, हवेतला ओलावा, गोदामं, ट्रकचे रस्ते एवढं संगणकात भरलं की तालुके रंगून निघतात. करमाड, बिडकीन लालभडक आले. अजिंठ्याकडचा डोंगराळ भाग फिकट पिवळा. त्या पिवळ्यात माझ्या आत्याचं गाव होतं. ती एकटीच राहते. खायची आणि पेरायची ज्वारी एकाच कोठीत ठेवते. ज्वारीचं ते वाण तिच्या सासूपासून चालत आलेलं, दुकानात मिळत नाही.

"औंदा कोठीत औषध ठिवू का गं?" तिनं विचारलं होतं.

"तुमच्याकडं धोका नाही, आत्या," मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं. शहाणपणा कसला, माज होता तो.

आमच्याकडं पोतं रिकामं परत द्यायचं नसतं. माझी करमाडची बहीण आत्याला गहू पाठवते, त्याच पोत्यात आत्या तिला ज्वारी भरून देते, आणि ने-आण माझ्या गाडीतून. बहिणीचं घर गोदामाला लागून आहे. खपऱ्याची अळी पोत्याच्या शिवणीत लपते, महिनोन्‌महिने उपाशी तग धरते, हे मी लोकांना शिकवत फिरते. तरी दिवाळीत ते पोतं मीच आत्याच्या कोठीला टेकवून ठेवलं. शिवण उलटून पाहिलीसुद्धा नाही. घरचं पोतं कोण तपासतं?

पेरणीच्या तोंडावर तिचा फोन आला. "कोठीत बारीक केस पडल्यावाणी दिसायलंय."

जाऊन झाकण काढलं. वर अळ्यांच्या केसाळ कातींचा थर, खाली पीठ आणि पोकळ दाणे.

"आलं कुठून हे?"

"मी आणलं, आत्या. गव्हाच्या पोत्यातून."

तिनं झाकण परत कोठीवर ठेवलं. मग म्हणाली, "असू दे. तुला काय ठावं?"

मला ठाऊक होतं. पगार त्याचाच घेते मी.

दुपारी आम्ही अंगणात सगळं जाळायला घेतलं. तिनं मात्र चांगले दिसणारे मूठभर दाणे निवडून पदराला बांधले होते. चांगल्या दाण्यांतही डोळ्याला न दिसणारी अंडी असू शकतात, त्यामुळं त्यातला एकही ठेवून चालणार नव्हतं, आणि ते सांगणारं तिथं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी सांगितलं. तिनं सावकाश गाठ सोडली, दाणे माझ्या हातावर ओतले आणि तोंड फिरवलं.

"तूच टाक. माझ्याच्यानं नाय व्हायचं."