बायची लस

"माफ करा गं पोरींनो," मॅडम म्हणायच्या आणि लस न मिळणाऱ्या कोंबड्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या.

लस खरी ठरते कशी, माहीत आहे? निम्म्या कोंबड्यांना टोचतात, निम्म्यांना नाही. मग रोगाचे जंतू सगळ्यांनाच देतात. आम्ही मॅडमना हसायचो. पण त्या पोरी मेल्या की त्या दिवशी मॅडम डबा उघडत नसत.

गोखिवऱ्याच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत त्या कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर लस तयार करत होत्या. चिंचोटीला त्यांच्या थोरल्या भावाची पोल्ट्री होती. "दादाच्या अंड्यांच्या पैशावर शिकले मी," असं अभिमानाने सांगायच्या.

आणि नेमका तिथेच रोग शिरला. दादा धावत आमच्या फाटकाशी आला.

"एक शेड अजून धड हाय, बाय. तुझी लस दे."

"लसीतले जंतू पुरते मेलेत का, ते तपासून व्हायचंय, दादा. एखादा जिवंत राहिला तर मीच रोग टोचल्यासारखं होईल."

"तशा पन मरनारच हायत ना?"

मॅडमनी मान हलवली. नाही. दादा पाणीसुद्धा न पिता परतला.

ती शेडही गेली. पुढे तपासणी झाली. लसीत एकही जंतू जिवंत नव्हता. मॅडमनी तो अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. मी म्हटलं, "अहो, लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. कोंबड्या वाचल्या नसत्याच."

"मला कळतं रे," त्या म्हणाल्या. "दादा ऐकून घेईल तर ना!"

दर भाऊबीजेला त्या ओवाळणीचं ताट घेऊन जात. वहिनी चहा करायची. दादा मागच्या दाराने शेतावर निघून जायचा.

लस बाजारात आली तेव्हा मॅडम इस्पितळात होत्या. कॅन्सरने त्या गेल्या. स्मशानात दादा लांब उभा होता.

मग एका दुपारी तो आमच्याकडे आला. "बायची लस हितंच मिलते?"

"कोंबड्या पुन्हा ठेवल्यात?"

"नाय. बगायची व्हती."

मी फ्रिजमधून बाटली काढून दिली. त्याने ती उलटसुलट फिरवली. "बायचं नाव कुटं हाय?"

"बाटलीवर नाव नसतं, काका."

तो बराच वेळ बाटली मुठीत धरून उभा राहिला. मग एकदम दचकला, खांद्यावरच्या पंच्याने तिच्यावरचं पाणी टिपलं आणि घाईघाईने माझ्या हातात दिली.

"ठेव, ठेव आत. गरम झाली तं फुकट जाईल."