आबांच्या होडीला चाकं

वर्कशॉपात ऊठबस असणाऱ्या माणसाकडं किस्से कसे साठतात म्हणाल, तर लेथखाली लोखंडाचा कीस साठतो तसे. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा ढीग! मी भवानीनगरला साखर कारखान्यात टर्नर होतो. ड्यूटी सुटली की घरी जायच्या आधी बबनच्या वेल्डिंगच्या दुकानात टेकायचो. नव्वद सालानंतरची ती वर्षं. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे हूक, देवळाची ग्रील, काय काय यायचं तिथं. पण आजही मी आणि बबन भेटलो, की बोलणं फिरून फिरून आबांवरच येतं.

आबा म्हणजे शेळगावचे रिटायर्ड सुभेदार. मूळचं गाव भीमेच्या काठावर. उजनी धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं, घरची माणसं शेळगावच्या माळावर आली. आबा तेव्हा पलटणीत होते. पेन्शनीत आले तेव्हा गाव नव्हतं, नदीपण नव्हती. ताठ माणूस. पण पाण्याचा विषय निघाला की बोलता बोलता मधेच थांबायचे.

* * *

एका दुपारी आबा टेम्पो घेऊन दुकानापुढं उभे. टेम्पोत पिवळीधमक, लांबडी, दोन्ही टोकांना निमुळती अशी एक फायबरची वस्तू.

बबननं चष्मा कपाळावर सरकवला. "आबा, ह्ये काय हाय?"

"कयाक."

"काय हाक?"

"अरं, कयाक! एकट्यानं वल्हवायची होडी. पुण्याच्या एका क्लबात मोडीत काढली हुती, मी मागून आणली."

बबननं तिच्याभोवती एक फेरी मारली. "म्या म्हणलं गव्हाण हाय. पर हिच्यात वैरण खायाला बैलबी लांबडाच लागंल!"

आबा हसले नाहीत. "हिला गाडी करायची. रस्त्यापास्नं पाण्यापतूर मला एकट्याला वढून न्हेता आली पायजे."

"लांब कशाला? हितं कॅनॉल हाय की."

"कॅनॉलच्या पल्याड काय माजी आक्का ऱ्हाती व्हय?"

* * *

आक्का ही आबांची थोरली बहीण. दिली होती नदीपलीकडं, करमाळ्याच्या बाजूला. धरणाआधी मधे फक्त भीमा. नदीला पूर असो नसो, भाऊबीजेला आबा पाठीला वाळके भोपळे बांधून पोहत जायचे आणि ओवाळून घ्यायचे. धरण झालं आणि नदीचा समुद्र झाला. एसटीनं जायचं तर टेंभुर्णीवरून वळसा, अख्खा दिवस जातो.

मी आपलं सरळ म्हटलं, "आबा, मच्छीमारांच्या होड्या जातात की रोज. त्यात बसायचं."

"बसतो की. लई येळा बसलोय," आबा म्हणाले. "पर पाव्हण्यासारखं गेल्यासारखं वाटतं रं. भावासारखं न्हाय."

बबननं गुपचूप पाइप कापायला घेतला.

* * *

पहिली गाडी सायकलच्या चाकांची. देखणी! वर फळ्यांचा पाळणा, त्यावर गोणपाटाची गादी. आबा म्हणाले, आधी डांबरीवर ट्रायल घेऊ.

कारखान्याचा सीझन ऐन रंगात होता. गेटच्या बाहेर उसाच्या बैलगाड्यांची ही लांब रांग. आबा कयाक ओढत निघाले ते नेमके त्या रांगेच्या कडेनं. गाडी अशी हलकी पळत होती की आबांचा चेहरा पहिल्यांदाच फुललेला.

तेवढ्यात एक गाडीवान ओरडला, "ओ सुभेदार! मधनं घुसू नका, नंबर लावा नंबर!"

आबा काही बोलायच्या आत वॉचमन धावत आला. त्यानं कयाकमध्ये डोकावून पाहिलं, खालून पाहिलं, आणि म्हणाला, "ह्यात ऊस कुठाय?"

"ऊस न्हाय. मी बसनार हाय ह्यात."

वॉचमन शांतपणे म्हणाला, "मग गाळप हुनार न्हाय. फुडं घ्या!"

* * *

मे महिन्यात खरी परीक्षा झाली. टेम्पोनं धरणाच्या काठाला गेलो, तर काठच सापडेना! उन्हाळ्यात पाणी आत आत सरकलेलं. रस्ता संपला तिथून पाण्यापर्यंत नुसता गाळ. वरून भेगा पडलेल्या आणि खाली लोणी.

सायकलची चाकं जरा पुढं गेली, मग सुरी कलिंगडात शिरावी तशी आत गेली. आबांनी जोर लावला. गाडी तिथंच राहिली, आबांच्या चपला चिखलात राहिल्या आणि आबा एकटेच पुढं गेले, तोंडावर!

बबन आणि मी धावलो. आबांनी हात झटकले, आम्हाला बाजूला सारलं आणि तिथंच, गाळात रुतलेल्या कयाकमध्ये जाऊन बसले. वल्हं मांडीवर आडवं. नजर पलीकडच्या काठावर.

मग आबांनी बोट केलं. "त्यो लिंब दिसतोय का? त्यो बग, शेंडा. आक्काच्या दारातला."

मला तर उन्हाच्या झळांशिवाय काही दिसत नव्हतं. पलीकडचा काठ म्हणजे एक निळी रेघ.

बबन डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "दिसतोय की, आबा. लई वाढलाय!"

* * *

मग एकामागून एक गाड्या झाल्या. मोपेडच्या चाकांची झाली, तीही रुतली. लाकडी रूळ झाला, तो वजनानं हलेना. दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं आणि आम्ही चाकांवर वाद घालत बसायचो. शेवटी बबनची बायको वैतागली. ती चहा घेऊन आली होती.

"एवढं काय त्येचं? दोघा-चौघांनी खांद्यावर घ्यायची आन् न्हेऊन ठिवायची पान्यात!"

आबा कपबशी घेत म्हणाले, "सूनबाई, चौघांच्या खांद्यावरनं कवातरी जायाचंच हाय. तवर जरा चाकावर जाऊ द्या की!"

त्या बिचारीनं तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी तिनंच घरातले ऑइलचे मोठे रिकामे प्लॅस्टिक कॅन दुकानात आणून टाकले. "ह्ये बगा जमतंय का. रुंद हायती."

जमलं! कॅन आडवे घालून मधून पाइप आरपार नेला. ती चाकं गाळावरून अशी चालली, जशी म्हैस चिखलातून. फक्त आवाज फार, डम डम डम डम. काठावर मासे निवडणाऱ्या बाया उठून बघायला लागल्या.

बबन म्हणाला, "आबा, वरात निघाली तुमची!"

* * *

एका मच्छीमाराबरोबर आबांनी आक्काला निरोप धाडला, की भाऊबीजेला मी स्वतः वल्हवत येतोय.

उत्तर आलं. मच्छीमारानं आक्काच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून म्हणून दाखवलं, "त्या म्हाताऱ्याला म्हनावं, मुळीच यीऊ नगं. बुडून मरशील. आन् मी तोंड बघनार न्हाय तुजं!"

आबांचा चेहरा पडला.

मच्छीमार पाठ फिरवता फिरवता म्हणाला, "आन् म्हनली, दुपारच्या आत ये म्हनावं. करंज्या मऊ पडत्यात."

* * *

दिवाळी आली. त्या वर्षी उजनी तुडुंब. भाऊबीजेला सकाळी टेम्पोतून उतरलो आणि बघतो तर पाणी पार रस्त्याच्या कडेला! उन्हाळाभर ज्या गाळासाठी गाडी केली, तो गाळच पाण्याखाली.

बबन हिरमुसला. "गाडी माघारी टाकू का टेम्पोत?"

"बांद होडीवर. तिकडच्या काठाचं काय सांगावं."

कयाकच्या मागच्या टोकावर गाडी आवळून बांधली आणि आबा पाण्यात उतरले. आम्ही दोघं मच्छीमाराच्या होडीतून मागं मागं, उगीच काळजी म्हणून. आबांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

पलीकडं पोचलो तर काठावर आक्का नाही! सून तेवढी उभी. म्हणाली, "सासूबाईंचं गुडघं धरल्यात. घरापास्नं हितवर यायला जमत न्हाय. दारातच बसल्यात, सकाळपास्नं."

आबांनी गाडी सोडली आणि चढावरून डम डम करत एकटेच वर गेले. परत आले तेव्हा गाडीवर आक्का बसलेली! हिरवं लुगडं, मांडीवर ओवाळणीचं ताट, एका हातानं निरांजन सांभाळते आहे, दुसऱ्या हातानं भावाच्या पाठीत धपाटे घालते आहे. "हळू रं मेल्या! मी काय उसाची मोळी हाय व्हय?"

पाण्याच्या कडेला तिनं आबांना ओवाळलं. आबांनी ताटात लुगडं ठेवलं. करंज्या आम्हालाही मिळाल्या. मग आक्का पाण्याकडं बघत बसली.

आम्हाला म्हणाली, "म्हायेरची सय आली की मी नदीवर यायची. ह्या काठावनं हाळी द्यायची, 'आये!' तिकडं आय धुनं धूत आसायची. ती म्हनायची, 'आले गं बाई!' येत नसायची, यायला होडी कुठं हुती? पर म्हनायची."

जरा वेळानं ती आबांना म्हणाली, "मला न्हेतोस का थोडी आत?"

आबांनी तिला उचलून कयाकमध्ये बसवलं. स्वतः कपड्यांनिशी पाण्यात उतरले आणि होडी ढकलत छातीभर पाण्यापर्यंत गेले. तिथं थांबले. आक्कानं डोळ्यांवर हात धरला. समोर नुसतं पाणी, ऊन, आणि लांबवर बसलेले पक्षी. गाव नाही, घाट नाही, काही नाही.

आक्कानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि तिच्या अंगात नव्हता तेवढा आवाज काढला.

"आयेऽऽऽ!"

पक्षी उठले, पुन्हा बसले. बबननं माझा दंड धरला होता.

आणि मग, आमच्याकडं पाठ करून पाण्यात उभे असलेले आमचे सुभेदार, बारीक, बाईमाणसासारखा आवाज लांबवत म्हणाले, "आले गं बाईऽऽ!"