देवकाबाईंचा पत्ता

समोरच्या खुर्चीवर देवकाबाई कधीच बसल्या नाहीत. आमच्या खोलीत नवीन कुणी आले की त्या आपली खुर्ची टेबलाला वळसा घालून ओढत आणायच्या आणि त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसायच्या. मग पहिला प्रश्न: "काल रातले काय खाधं?" माझ्या कॉम्प्युटरच्या फॉर्ममध्ये या प्रश्नाला रकाना नव्हता, आणि म्हणून मला त्यांचा रागच यायचा.

नव्वदचे दशक सरत आले होते. मी उधन्याला कॉम्प्युटरचे क्लास घेत असे. सुरतेतल्या एका दवाखान्याजवळ काही भल्या माणसांनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मदत केंद्र म्हणून एक खोली घेतली होती. तिथे कुणीतरी दान दिलेला कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. मी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. आजार कुठला, भाषा कोणती, राहायला कुठे, एवढे भरले की त्याच वाटेने आधी गेलेल्या घराचा पत्ता चिठ्ठीवर छापून निघायचा. घाबरलेल्या माणसाने तिथे जाऊन बोलायचे. तोंडाचा कॅन्सर, खानदेशी, आणि लिंबायत, उधना, कोसाड यांपैकी काहीही भरा, चिठ्ठीवर बहुतेक देवकाबाई! त्यांचे यजमान, त्यांच्या भाषेत मालक, पावरलूमवर कामाला होते. तंबाखूने जबडा खाल्ला, ऑपरेशन झाले, तरी ते पुन्हा लूमवर उभे राहिले होते.

देवकाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण माझ्या प्रोग्रॅमवर त्यांचे मत ठाम होते. "मास्तर, तुमना मशीनमा दुख लिवेल शे, मानूस नही," म्हणायच्या. एकदा मी चिडून विचारले, की डॉक्टर सगळे सांगतात, मग तुम्ही वेगळे काय सांगता? त्या हसल्या. "डॉक्टर दुख सांगस. खिचडी कितली पातळ करानी, ते कोन सांगी?" आणि मग दोन्ही हात हवेत नाचवत, खिचडी घोटून मऊ फडक्यातून कशी गाळायची, हे त्यांनी मलाच शिकवले. त्यांचे निम्मे बोलणे हातांनी चालायचे, आणि हातांबरोबर बांगड्याही बोलायच्या.

ऑपरेशननंतर तीन वर्षांनी मालकांचे दुखणे उलटले आणि ते गेले. मी मयतीला जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी रुग्णांच्या यादीत त्यांच्या नावापुढे नोंद केली आणि काम संपले असे समजलो. पण मदत करणाऱ्यांची यादी मी वेगळी ठेवली होती. एका यादीतले मरण दुसऱ्या यादीला कळत नव्हते. प्रोग्रॅम माझा, अक्कल माझी, चूकही माझीच.

पाचव्या दिवशी दुपारी मी केंद्रात गेलो, तर नुकत्याच कामाला येऊ लागलेल्या एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "मास्तर, तुमचं मशीन म्हणजे कमाल आहे! कोसाडचं एक जोडपं आलं होतं, पोरगा पंचविशीचा. उद्या सकाळी त्याचं तोंडाचं ऑपरेशन, आणि हा आजच्या गाडीनं गावाकडच्या वैदूकडे पळायला निघालेला. बायको रडकुंडीला आली होती. दिली चिठ्ठी आणि पाठवलं देवकाबाईंकडे."

सुतकाच्या घरी, पांढऱ्या कपाळासमोर तो पोरगा उभा राहिला, तर तिथून थेट स्टेशन गाठणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी रिक्षा पकडली आणि देवकाबाईंची लिंबायतची गल्ली येईपर्यंत रिक्षावाल्याला "जल्दी, भाई, जल्दी" करत त्याचे डोके खाल्ले.

ते अजून पोचले नव्हते. घरात बायका बसल्या होत्या, कोपऱ्यात दिवा तेवत होता. मी उंबऱ्यावरच सगळे ओकून टाकले आणि म्हणालो, "मी गल्लीच्या तोंडाशी थांबतो. त्यांना परत पाठवतो."

"पोऱ्या कितला मोठा शे?" देवकाबाईंनी विचारले.

"असेल पंचविशीचा."

"मंग परत धाडू नका. तो टेसनवर जाई."

त्या उठल्या. बायकांना शेजारच्या खोलीत पाठवले, दिव्यापुढे पत्र्याची पेटी ओढली आणि फळीवरून कुंकवाचा करंडा काढला. नणंदेने त्यांचा हात धरला. "वहिनी, हाई काय करी राहिनी? दादाले जाई पाच दिन नही व्हयनात!"

"तुन्हा दादा बी हाईच सांगता," त्या म्हणाल्या, आणि ठसठशीत कुंकू लावून, गळा आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन भिंतीशी बसल्या.

जोडपे आले. नवऱ्याचा, राजूचा, गाल सुजलेला, त्यावर रुमाल बांधलेला. बायको, मंगल, त्याचा शर्ट मागून मुठीत धरून होती. राजूने बसता बसताच देवकाबाईंच्या मालकांबद्दल विचारले, "दादा कोठे शेत?"

मी दिव्यापुढच्या पेटीकडे बघायचे टाळले.

"गावले गयात," देवकाबाई म्हणाल्या. त्या दुपारी त्या एवढे एकच खोटे बोलल्या. बाकी सारे खरे होते. "ऑपरेशन व्हयनं, मंग तीन वरीस लूम चालाडी त्यासनी. पोरगीनं लगन करं. पहिला महिना वाईट शे, भाऊ. आरसा लपाडी ठेवजो. पन मानूस घरमा राहस." खिचडीचेही सांगितले, पण हात पदराखाली तसेच. मला ते बघवेना. शेजारच्या खोलीत कुणीतरी हुंदका दिला, तेव्हा मी मोठ्याने खोकलो. राजूने गालावरचा रुमाल घट्ट केला. मग म्हणाला, "दादा गावहून उनात की मी भेटाले येसू."

निघताना मंगल पाया पडायला वाकली. देवकाबाईंनी सवयीने तिला दोन्ही हातांनी वर उचलले. पदर सरकला. मनगटे ओकीबोकी होती.

मंगलने त्या मनगटांकडे पाहिले, मग कुंकवाकडे. राजू दारात चप्पल घालत होता. मंगलने हळूच तो पदर उचलला, देवकाबाईंचे हात पुन्हा झाकले आणि वळून नवऱ्याला म्हणाली, "चला. दवाखानामा उशीर व्हयी राहिना."

राजूचे ऑपरेशन झाले. मी दोन्ही याद्या एकत्र केल्या, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांच्यासाठी तिसरी यादी केली. देवकाबाई पुढे गावी परत गेल्या. त्या निघाल्या तेव्हा मला घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले. फॉर्ममध्ये मी 'काल काय खाल्ले' हा रकाना घातला. तो भरताना आजही कुणी ना कुणी हसते, आणि हसल्यावर बोलू लागते.

पण मला आठवतात ती दोघे गल्लीच्या वळणाआड गेल्यानंतरची दोन मिनिटे. मी म्हणालो, "बाई, माझ्यामुळे तुम्हाला हे करावं लागलं. माफ करा." नणंद ओले फडके घेऊन पुढे आली होती. देवकाबाईंनी तिला थांबवले. दिव्यापुढची पेटी बाजूला केली, आपल्याच पदराने कपाळ पुसले, आणि त्या पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांचा बांध फुटला.

"माफी काबर मांगतस, मास्तर," त्या रडत म्हणाल्या. "तितला येळ मन्हा मालक गावलेच जायेल व्हतात."