सोंगातलं बोलणं

आमच्या साक्रीकडच्या गावात भटू हमालाला नावापेक्षा सोंगाने जास्त ओळखतात. आठवडी बाजारात कांद्याची पोती वाहून मान जाड झालेली, मिशा झाडूसारख्या. पण श्रावणात कानबाई देवीच्या मिरवणुकीत हाच गडी लुगडं नेसून, ओठ लाल करून कमरेला असे झोके द्यायचा, की बाया पदर तोंडात कोंबायच्या. लुगडं नेसवायची त्याची बायको भिकुबाई, आणि सर्वांच्या पुढे उभी राहून हसायचीही तीच. असा संसार मी दुसरा पाहिला नाही. आणि गावातले बहुतेक संसार मी पाहिलेत, काही न बोलावता.

भिकुबाई गेली. आता भटू एकटाच भाकरी थापतो. म्हणजे जाळतो.

पोरं दोन. नवल देवपूरला कारकून. लहानपणी गुदगुल्या केल्या तर हा ‘कशासाठी?’ विचारायचा. कस्तुरा यावलला दिलेली. तिला सासऱ्याच्या तेराव्यालाही हसू आवरलं नाही म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण सांगतो सगळ्यांना.

यंदा कानबाईला दोघं आली. आदल्या दिवशी भटू माझ्या ओट्यावर टेकला. "नाना, पोरेससंगे जावानं मन शे. पन तोंडवर कसं बोलू?"

‘मला तुमच्याकडे राहायला न्या’ असं तोंडावर मागणं त्याला कधी जमलंच नाही. पण सोंगाला आमच्याकडे सगळं माफ. सोंगातल्या बोलण्याचा राग कोणी धरत नाही.

सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. कस्तुराने बापाला आईचंच जांभळं लुगडं नेसवलं, पाठीवर पदराला पिना टोचल्या. भटू यंदा थेट भिकुबाई झाला. तीच मान, तोच कमरेवरचा हात, नवऱ्यावरचं तेच खेकसणं. "बिडी पेतस, नि भाकर कोन खाई? तुम्हना बाप?"

"हाई ते मनी मायच शे!" कस्तुरा मोबाइल धरून हसत सुटली.

नवल पुटपुटला, "आईची टवाळी चाललीय."

"अरे, माय स्वतः हसली असती!"

तेवढ्यात भटू दोघांसमोर येऊन थांबला. भिकुबाईच्याच आवाजात म्हणाला, "पोरे हो, मी ते मरी गई. हाऊ डोकरा एकलाच शे. आते याले कोन घर लई जाई?"

"आमना घर पहिलाच एक शे!" गर्दीतून शेजारचा रतिलाल ओरडला. मिरवणूक फुटली हसून. कस्तुराच्या डोळ्यांतून पाणी. नवल तेवढा हसला नाही. त्या गर्दीत हे मागणं माझ्याखेरीज फक्त त्याला समजलं होतं.

विसर्जन झालं. नवल गाडीची किल्ली फिरवत अंगणात उभा. भटू अजून लुगड्यातच.

"नवल, मी मघाशी जे विचारं ना..."

"आबा, सोंगातलं बोलणं कोणी मनावर घेतं का?" असं म्हणून नवल हसला. त्याला हसताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

कस्तुरा त्याच्याच गाडीतून स्टँडवर गेली. मान खाली, मोबाइलमध्ये बापाचं सोंग पुन्हा बघत, खिदळत.

भटू आपल्या ओट्यावर बसला. दाराआड भरलेली पिशवी होती. वर दाढीचा ब्रश डोकावत होता. मी पाहिली, पण बोललो नाही. मला गप्प बसणं किती जड जातं, ते गावाला विचारा.

हात पाठीमागे नेत तो बराच वेळ धडपडला. मग म्हणाला, "नाना, पिना काढी दे. हात पोचत नही."