अंगठ्यावरची शाई

मैनाचं माहेर आणि सासर एकाच गावात. मध्ये फक्त एक विहीर. नवऱ्याशी भांडून ती माहेरी निघाली की विहिरीपाशी चार बायका भेटत आणि राग तिथंच संपून जाई. पळस्प्याजवळच्या त्या गावात ती ‘आशा’ झाली, तेव्हा सरकारला वाटलं, गावाला एक आरोग्य कार्यकर्ती मिळाली. गावाला वाटलं, मैनाला घरोघरी डोकवायचा परवाना मिळाला.

लस म्हणजे काय, हे गावात कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. मैना ठाऊक होती. “मुंगी चावली समज गो,” म्हणत ती आधी आईला हसवायची, मग बाळाला, आणि तेवढ्यात नर्सबाई सुई टोचून मोकळ्या व्हायच्या. औषध सरकारचं, पण भरवसा मैनाचा, असा सगळा मामला.

एकदाच ती मुंगी वाईट चावली. मैनाच्या भाच्याची मुलगी कोमल तेव्हा तान्ही होती. टोचलेली मांडी सुजून टणक झाली. तिची आई विनिता तीन वेळा उपकेंद्रात धावली. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “होतं असं. शेकवा.” शेवटी पू झाला, पनवेलला नेऊन मांडीला चिरा द्यावा लागला. नंतर उपकेंद्रातून कुणी साधी चौकशी केली नाही. मैनानं केली, पण पोरीला टोचायला तिनंच तर नेलं होतं.

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली. त्याच सुमारास मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागला, की ही सुई घेतली तर पोरी पुढं वांझ राहतात. मैनानं एकेकीला गाठून, थट्टा करून, तो व्हिडिओ पुसायला लावला. कोमलच्या त्या दुखण्यानंतर पोरींना एकही सुई लावू न दिलेली विनिता मात्र हसेना.

अंगणवाडीत कामं वाटलेली होती. नर्सबाई टोचणार, टोचलेल्या पोराच्या डाव्या अंगठ्याच्या नखाला मैना शाई लावणार आणि यादीत खूण करणार. विनिता कोमलला आणि धाकट्या, दोन वर्षांच्या अंकिताला घेऊन आली, ती थेट मैनाकडेच.

“आत्या, सुई नको. तू नुसती शाई लाव, मंजी मागं कोन लागनार नाय.”

“अगो, असं कसं?”

“कोमलच्या टायमाला तू मुंगी बोललीस. बघ तिची मांडी. मी तिथं वरडत होते, तवा कोन उठला जाग्यावरना?”

मैनाकडे सगळ्या गोष्टींवर थट्टा तयार असायची. या गोष्टीवर नव्हती. नर्सबाई पाठमोऱ्या होत्या. तिनं दोन नखं रंगवली, यादीत दोन खुणा केल्या. हिचा राग निवळला की समजावू, पोरी काय कुठं पळून जात नाहीत, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मार्चमध्ये गोवर आला. आधी कोमलला, ती उठली. मग अंकिताला. तिची छाती भरली. पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “गोवराची लस दिली होती?”

“दिलेली हाय,” विनिताची सासू सुमती ठणकावून म्हणाली. “माज्या नणदेनंच शाई लावलीय.”

मैना आणि विनिता एकाच बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी अंकिता गेली.

पुढच्या लसीकरणाला अंगणवाडीत एकही आई फिरकली नाही. सगळ्या विहिरीवर.

“टोचून पन पोर गेली,” त्यातली रंभा म्हणाली. “मग आमी कशाला टोचावी?”

खरं बोलावं, तर गाव विनिताला जन्मभर फाडून खाईल. गप्प बसावं, तर आणखी एखादं पोर जाईल. मैना हंड्यांच्या मधोमध उभी राहिली.

“अंकिताला टोचलंच नव्हतं. कोमललाही नाय. मी चुकले. सुईशिवायच शाई लावली मी.”

विनिता समोरच्या उंबऱ्यात उभी होती. तिचं नाव मैनानं घेतलं नाही. विनितानंही तोंड उघडलं नाही. सुमती पुढं आली. मारेल, असं वाटलं सगळ्यांना. ती एवढंच बोलली, “मैने, आजपासना तुला म्हायेर नाय.”

आणि रंभानं विचारलं, “मग आमच्या पोरांच्या नखांवरची तरी खरी कशावरना?”

कुणी येईना म्हणून विहिरीपर्यंत आलेल्या नर्सबाईंनी उत्तर दिलं: शंका असेल तर पुन्हा टोचून घ्या, दुसऱ्यांदा घेतल्यानं अपाय नाही.

बायका आल्या. अंगणवाडीत कुणी हसत नव्हतं. प्रत्येक आई खाली वाकून सुई कातडीत शिरताना डोळ्यांनी बघत होती आणि मगच पोराला उचलत होती. शाईचं पेनही आता नर्सबाईंच्याच हातात होतं. मैना लसीच्या पेटीजवळ बसून होती.

रंभाची धाकटी टोचून झाल्यावर रडत रडतच, सवयीनं, मैनासमोर आली आणि तिनं अंगठा पुढं केला.

“इकडं ये गो,” रंभा म्हणाली, “तिच्याकडं नाय,” आणि पोरीचा हात धरून तिनं तो नर्सबाईंकडं वळवला.