यमुनेच्या रिकाम्या खोल्या

यमुना गेल्याची बातमी आली तेव्हा मी पुण्यात लेकीकडे होते. झोपेतच गेली म्हणे. रडायला आलंच, पण त्याआधी मनात आलं, मरणसुद्धा हिला कसं नीटनेटकं मिळालं... महिना उलटला, तरी तो विचार जात नाही. ती माझी धाकटी जाऊ. लोणावळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, आणि दोघींच्याही खोल्या मुंबईहून हवापालटाला येणाऱ्यांना भाड्यानं दिलेल्या. दीर वारल्यावर तिचं पोट त्या खोल्यांवरच होतं. आमचं तसं नव्हतं. तरी भाडेकरू आधी तिचंच दार वाजवत, हे मला सलायचं.

त्यात म्युनिसिपालिटीनं घरपट्टीचा नियम बदलला. पट्टी आता भाड्यावर बसणार. मात्र पावसाळ्यात खोली रिकामी राहणार असं आधी कळवलं आणि पाहणीत ती तशी दिसली, तर तेवढ्या महिन्यांची सूट. आळीतले सगळे वकील शोधत होते. यमुना स्वतः कचेरीत गेली, विचारून विचारून कारकुनाला बेजार केलं आणि येऊन मला म्हणाली, "अक्का, खोलीत काय बी ठेवू नगा. रिकामी म्हंजी पार रिकामी." मला वाटलं, शहाणपणा मिरवतेय. पावसाळ्यात भाड्याच्या खोलीत जळण ठेवायची आमची जुनी रीत. ती काय हिच्या सांगण्यावरून मोडायची? पाहणीचा माणूस आला आणि माझ्या गोवऱ्यांचा ढीग बघून खोली वापरात आहे म्हणाला. यमुनेनं जळण आपल्या स्वयंपाकघरात रचलं होतं आणि त्यालाच खेटून स्वतःचं अंथरूण घातलं होतं. तिला सूट मिळाली. आमचे हे जेवताना एवढंच म्हणाले, "तिच्याकडनं शीक जरा." मी ताटावरून उठले.

पुढे नियम बदलत राहिले आणि पार वलवणपर्यंतची माणसं तिच्या ओट्यावर येऊन बसू लागली. माझ्याकडे कुणी फिरकत नसे. मी तिला कधी काही विचारलं नाही. भिंतीआडून ऐकायचे आणि तसंच करायचे. ती जरा मोठ्यानंच बोलायची... मुद्दाम, असं आता वाटतं.

गेल्या आठवड्यात वलवणची एक बाई यमुनेच्या बंद घराच्या ओट्यावर येऊन बसली. यमुना नाही हे तिला ठाऊक होतं, पण पट्टीचं काही विचारायचं तर पाय तिकडेच वळले. यावेळी कचेरीत मी स्वतः जाऊन आले होते. तिच्याशेजारी बसून सगळं नीट समजावलं. ती मान हलवत ऐकत होती. उठताना म्हणाली, "समजलं, मावशी. पर यमुनाबाईंना येकदा इचारलं असतं, म्हंजी जिवाला बरं वाटलं असतं."

अगदी माझ्याच मनातलं बोलली, म्हणून मला तिचा फार राग आला.